केडगावच्या पंडिता रमाबाई आणि त्यांचा क्रूस

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा नावासाठी मला लांब जावे लागले नाही. आपल्या वडगाव रासाईहून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि त्याच तालुक्यात केडगाव आहे. केडगावचे नाव आपण बाजारासाठी, स्टेशनासाठी घेतो. पण याच केडगावच्या माळावर पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे काढली आणि तिथल्याच मातीत त्या विसावल्या. शिवाय आपण बायका आज मंडळ म्हणून एकत्र बसतो, वर्गणी गोळा करतो, वर्धापनदिन करतो, त्या प्रथेचे एक जुने रोप रमाबाईंनीच लावलेले आहे. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, त्या वेळी बायकांनी घराबाहेर पडून सभा भरवावी ही गोष्टच लोकांना चमत्कारिक वाटत होती.

रमाबाईंचे चरित्र सांगताना आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. त्यांची विद्वत्ता सांगतात, विधवांसाठी केलेले काम सांगतात, आणि ख्रिस्ती झाल्याचा भाग आला की एका वाक्यात तो उरकून पुढे जातात. जुन्या लोकांना त्याचा राग होता म्हणून ते टाळत. आताचे लोक संकोचाने टाळतात. मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझ्या दारात तुळस आहे आणि रासाईची ओटी मी दरवर्षी भरते. तरीही मला असे वाटते की क्रूस बाजूला ठेवून रमाबाईंचे चरित्र सांगणे म्हणजे विहिरीचे वर्णन करताना पाण्याचा उल्लेख न करण्यासारखे आहे. येशू ख्रिस्ताच्या मरणात त्यांना काय दिसले, ते कळले तरच केडगाव कळते. म्हणून भगिनींनो, मी या लेखात तेच सांगण्याचा प्रयत्न करणार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दाट रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेले चित्पावन ब्राह्मण आणि मोठे वेदशास्त्रसंपन्न. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरुजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. ते पाहून या तरुण विद्यार्थ्याच्या मनाने घेतले की आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे. पहिल्या पत्नीला त्याची गोडी लागली नाही. ती वारल्यावर पुढे पैठणला गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. शास्त्रीबुवा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. हीच रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. बायकोला देवभाषा शिकवतो म्हणून गावात इतका गवगवा झाला, की शास्त्रीबुवांना उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून आपले म्हणणे शास्त्राधाराने पटवून द्यावे लागले. अखेर त्यांनी रानातच बिऱ्हाड थाटले.

त्या रानातल्या आश्रमात येणाऱ्या जाणाऱ्यांना जेवू घालण्यात घरची मालमत्ता संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या तेव्हा कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून तो पेटारा मजुराच्या डोक्यावर दिला, आणि तेव्हापासून या कुटुंबाला घर असे राहिलेच नाही. तीर्थाच्या ठिकाणी मुक्काम करावा, देवळात किंवा घाटावर पुराण वाचावे, श्रोते जे ठेवतील त्यावर राहावे आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा क्रम. पहाटे आई लहान रमेला कुशीत घेऊन उठवी आणि संथा देई. असे शिकत शिकत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. आपल्यापैकी ज्या बायका दिवसभर राबून पहाटे मुलांचा अभ्यास घेतात त्यांना या माउलीचे कष्ट सांगायला नकोत.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. या दुष्काळाविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण पुढच्या सगळ्या आयुष्याची मेख तिथे आहे. शास्त्रीबुवा तेव्हा वृद्ध झाले होते आणि डोळ्यांनी अधू होते. हाताशी काही पैसे होते. पण त्यांचा भरवसा होता पुण्यावर. देवाची पुरेशी सेवा घडली, पुरेसे दान झाले, पुरेसे उपास झाले, की देव प्रसन्न होऊन विपुल देईल अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ती श्रद्धा प्रामाणिक होती. मग त्यांनी उरलेले पैसेही ब्राह्मणांना वाटले. तीर्थात स्नाने केली, प्रदक्षिणा घातल्या, रात्रंदिवस मंत्र जपले. पैसे संपल्यावर दागिने गेले, मग चांगली वस्त्रे, मग पितळेची भांडी. शेवटी शरीरावरच्या वस्त्रांखेरीज काही उरले नाही, तेव्हा भीक मागण्याची लाज वाटून सारे कुटुंब एका रानात मरण्यासाठी गेले. अकरा दिवस झाडपाला खाऊन काढले. म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे आला आणि म्हणाला की मी मजुरी करीन, जातीचा अभिमान सोडीन, पण तुम्हाला पोशीन. ते कळायच्या आत तापाने वडील गेले. जाण्यापूर्वी धाकट्या मुलीला छातीशी धरून, देवाची सेवा सोडू नकोस, सन्मार्गाने राहा, एवढेच त्यांनी सांगितले.

काही महिन्यांनी आई गेली. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली; तिसरा भाऊ, आणि चौथी बाजू रमाबाईंनी धरली. स्मशान दीड कोसावर होते. अंगाने ठेंगण्या असल्यामुळे तिरडी खांद्याला पुरेना, म्हणून आईची तिरडी त्या मुलीने डोक्यावर घेऊन नेली. मागोमाग थोरली बहीणही वारली. भाऊ आणि बहीण अशी दोघे शिल्लक राहिली, आणि ती अर्धपोटी अनवाणी हजारो मैल चालत हिंदुस्थान फिरली.

या चालण्यात रमाबाईंच्या मनात एक प्रश्न रुजला. आमच्या घराने देवाचे देणे द्यायचे काय बाकी ठेवले होते? शास्त्रात सांगितलेले सगळे केले. तरी पुण्याची रास पुरी पडली नाही, आणि किती घातल्याने पुरी पडेल तेही कोणाला सांगता येत नव्हते. त्यात बाईच्या जातीला तर वेदाचा अधिकार नाही, मोक्ष हवा असेल तर पतीच्या सेवेतून किंवा पुढच्या जन्मी पुरुष होऊन. हा त्यांच्या मनातला हिशेब ध्यानात ठेवावा. आपल्या संतांनी कर्मकांडाच्या ओझ्यातून माणसाला सोडवण्यासाठीच नामाचा सोपा मार्ग दाखवला, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण शास्त्रीघराण्यात वाढलेल्या या मुलीच्या वाट्याला तो आला नाही. आली ती व्रते, दाने आणि उपासमार.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी ओघवत्या संस्कृतात बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदाची पोथी त्यांच्या हाती ठेवली, जी बायकांनी वाचू नये असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. नवरा ब्राह्मणेतर, परप्रांतीय; म्हणजे दोन्हीकडच्या लोकांचा रोष. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच आई, बाप, बहीण, भाऊ, पती असे पाच मृत्यू या बाईने पाहिले. आसामात सिलचरला असताना घरात बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले होते. त्यांनी ते कुतूहलाने वाचले. नवऱ्याला ते आवडले नव्हते. बस, त्या वेळी इतकेच.

मग पुणे. आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे साक्ष, बायकांना शिक्षिका व डॉक्टरणी करा ही मागणी, हे सगळे आपल्या पुस्तकांत येते. डॉक्टरकी शिकावी म्हणून, स्त्रीधर्मनीति या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून पैसे जमवून, लहानग्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ साली विलायतेला गेल्या. कानाने ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टरकी राहिली. वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या. जाताना आपण धर्म सोडणार नाही असे त्या सांगून गेल्या होत्या, आणि ते खोटेपणाने सांगितले नव्हते.

तिथे जे घडले ते असे. या मठाच्या बायका लंडनजवळ फुलम येथे एक आश्रम चालवीत. वाईट मार्गाला लागलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे आणून प्रेमाने वागवीत, काम शिकवीत. रमाबाईंनी तो आश्रम पाहिला आणि त्या चकित झाल्या. कारण आपल्या समाजात अशा बाईला स्पर्श करणेही पाप, तिची वाट म्हणजे फक्त शिक्षा, हेच त्यांनी पाहिले होते. कुलीन घरातल्या या बायका असे का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. भर दुपारी एकटीच पाणवठ्यावर आलेली, पाच नवरे झालेली, परजातीची बाई. आणि तिच्याकडे येशू पाणी मागतो, तिच्याशी देवाच्या गोष्टी बोलतो. पाणवठ्यावर कोणती बाई कोणत्या वेळी एकटी येते आणि का येते, हे आपल्या नदीकाठच्या बायकांना चांगले समजते. रमाबाईंनाही ते समजले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जे स्वतः काशीचे पंडित असून ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या पत्रांनीही त्यांच्या शंका फिटत गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात हाहाकार उडाला. पण गंमत अशी की तिकडे विलायतेतही रमाबाई काही सरळ नमल्या नाहीत. मठातल्या भगिनींनी त्यांना क्रूस दिला, त्यावर लॅटिन शब्द होते. त्यांनी कळवले की हे मला कळत नाहीत, माझ्या देशातल्या बायकांना कळणार नाहीत. न कळणारेच काही लिहायचे असेल तर माझ्या देशाची जुनी सुंदर भाषा संस्कृत काय वाईट आहे? अंडी घातलेला पदार्थही त्यांनी खाल्ला नाही. गुरूच्या जागी असलेल्या विलायती बायकांशी त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी कडाक्याचा वाद घातला. साहेबाचा धर्म म्हणून त्यांनी तो घेतलेला नव्हता, हे मला इथे आवर्जून सांगायचे आहे. पुढे १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे कसे हाल होतात यावर त्यांनी जाहीरपणे लिहिले, तेही सरकारला झोंबले होते.

आता क्रूसाविषयी. मराठी बायबलात त्याला वधस्तंभ म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना ही शिक्षा देत; हातापायांना खिळे ठोकून लाकडावर टांगायचे आणि येणाऱ्या जाणाऱ्यांनी पाहावे म्हणून तसेच ठेवायचे. मरण हळू हळू येई. त्यात वेदना होत्याच, पण त्याहून जास्त बेअब्रू होती. इसवी सन ३० च्या सुमारास यरुशलेमेत रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने येशूला अशी शिक्षा झाली. त्याचे बहुतेक शिष्य पळून गेले. त्याची आई, मग्दाला गावची मरीया आणि आणखी काही बायका मात्र तिथून हलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कबर रिकामी दिसली तीही आधी बायकांनाच. खिळे मारणाऱ्यांना क्षमा व्हावी अशी त्याने देवाकडे प्रार्थना केली. जगाच्या दृष्टीने हा एक पराभव. पण ख्रिस्ती माणूस मानतो की माणसांच्या पापाची जी शिक्षा माणसांवर यायची ती या निष्पाप पुरुषाने, देवाच्या पुत्राने, स्वतःवर घेतली. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला म्हणून ते देणे पुरे फिटले याची खात्री पटली. म्हणूनच ज्या दिवशी तो मेला त्या शुक्रवाराला ते शुभ किंवा उत्तम असे नाव देतात, जे प्रथम ऐकताना विचित्रच वाटते.

एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटेल, ही शंका कोणालाही येईल. बायबलात संत पौलाने त्यासाठी कर्जरोख्याचा दाखला दिला आहे: आपल्याविरुद्ध असलेले खत देवाने रद्द करून क्रूसावर खिळून टाकले, अशा अर्थाचा. आपल्या भागाला हा दाखला समजावून सांगावा लागू नये. १८७४ च्या अखेरीस आपल्याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावी शेतकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार घातला आणि १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात खते बाहेर काढून त्यांची होळी केली. बापाने घेतलेले कर्ज, नातू फेडतो, व्याजावर व्याज चढते आणि खत सावकाराच्या पेटीत जसेच्या तसे, हे दुःख आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. फरक इतकाच की सुप्याला खते न फेडता जाळली. ख्रिस्ती लोक म्हणतात, क्रूसावरचे खत दुसऱ्याने पुरेपूर फेडून मग फाडलेले आहे.

पण रमाबाईंना हे बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी उमगले नाही. हीच त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट, आणि ती त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आत्मकथनात प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. बाप्तिस्मा झाला, प्रार्थना चालू होत्या, शास्त्रवाचन चालू होते, तरी मनाला स्वस्थता नव्हती. आधी व्रते आणि दाने होती, आता त्यांच्या जागी प्रार्थना आणि सत्कृत्ये आली. हिशेबाची वही बदलली, हिशेब तोच राहिला. आठ वर्षे अशी गेली. १८९१ च्या सुमारास, पुण्यात असताना, विल्यम हॅसलम नावाच्या एका विलायती पाद्र्याचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ पाद्री असून, लोकांना उपदेश करत असून, एके दिवशी प्रवचनाच्या व्यासपीठावरच त्याच्या लक्षात आले की आपण सांगतो ते आपल्यालाच लाभलेले नाही. ते वाचून रमाबाईंनी ओळखले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. मोक्ष कमवायचा नसतो; क्रूसावर तो आपल्यासाठी आधीच कमावून ठेवलेला आहे, आपण फक्त रिकामे हात पुढे करायचे. वडिलांनी भांडीकुंडी विकून जे विकत घ्यायचा प्रयत्न केला, ते फुकट होते. हे पटल्यावर त्यांना झालेल्या आनंदाचे वर्णन करण्याचा आव मी आणणार नाही. एवढे मात्र दिसते की त्यानंतर या बाईला कोणाचीच भीती उरली नाही.

याची किंमतही त्यांना लगेच मोजावी लागली. त्याआधी त्या अमेरिकेत जाऊन आल्या होत्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी तिथल्या लोकांकडून मदत मिळवली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्या सभेला अध्यक्ष काशीबाई कानिटकर होत्या. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही असे आश्वासन होते, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. बातमी पसरली, केसरीने झोड उठवली, १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालक बऱ्याच मुलींना घेऊन गेले.

यात चूक कोणाची? पालकांची भीती अगदीच खोटी होती असे मला म्हणवत नाही. पोरक्या, आश्रित मुलीच्या मनावर पोशिंद्या बाईचा प्रभाव पडल्याशिवाय राहत नाही, आणि विश्वासाने मूल सोपवणाऱ्याला त्याचा जाब विचारण्याचा हक्क असतो. पण हेही विसरू नये की त्याच विधवांचे केस उतरवून त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवणाऱ्यांनी त्यांच्या मनाची एवढी काळजी आधी कधी केली नव्हती. रमाबाईंना दार लावून घेणे शक्य होते. ज्या मरणाने आपले देणे फिटले त्याचा उच्चार दार लावून, चोरून करणे त्यांना जमले नाही. ज्यांच्या मतांचा त्या आदर करीत अशी पुण्यातली बहुतेक माणसे त्यांना त्यामुळे अंतरली.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला दुष्काळ आठवून रमाबाईंना राहवेना. सदनाकडे पैसा नव्हता, जागा नव्हती. तरी त्या तिकडे गेल्या आणि तीनशेच्या घरात मुली, बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना. केडगावला फळबागेसाठी घेऊन ठेवलेली शंभर एकर जमीन होती, तिथल्या उघड्या माळावर राहुट्या ठोकल्या. त्याचेच पुढे मुक्ती सदन झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही पुष्कळ मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आपल्या गावात लग्नकार्याला पाचशे पाने उठवायची तर चार दिवस आधी धांदल उडते. तिथे रोज दोन्ही वेळ दोन हजार माणसे, आणि पुष्कळशी हाडांचा सापळा झालेली, उवांनी भरलेली, चोरून खाणारी, भांडणारी. त्यांना धुवायचे, खायला घालायचे, पुन्हा माणसात आणायचे. विहिरी खोदल्या, शेती केली, तेलाचा घाणा, माग, शिवण, गोठा, छापखाना सुरू केला. आंधळ्यांसाठी वेगळे घर केले, तिथे त्या बोटांनी वाचायला शिकल्या. फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढले. फुलमला जे पाहिले होते ते भीमेच्या खोऱ्यात उभे राहिले. यात जातपात पाहिली जात नव्हती. १९०५ मध्ये इथल्या मुलींमध्ये प्रार्थनेची मोठी लाट उठली, तिची ख्याती परदेशापर्यंत गेली. तो विषय मी इथे वाढवीत नाही.

ख्रिस्ती झाल्याने माणसे गमावलेल्या या बाईने एवढे ओझे कशाच्या बळावर उचलले, हा प्रश्न पडतो. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे की हे काम त्यांनी पुण्य मिळावे म्हणून केलेच नाही. पुण्यासाठी दान करणारा माणूस पात्र कोण, अपात्र कोण ते पाहतो, आणि आपल्या ताकदीचा हिशेब ठेवतो. रमाबाईंचा हिशेब १८९१ सालीच मिटला होता. ज्याने आपल्यासाठी बेअब्रूचे मरण पत्करले त्याच्या माणसांत बेअब्रू झालेली बाईच पहिली बसते, असे त्यांना वाटे.

शेवटची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला वाहिली. मराठीत बायबल होते. पण त्यातले शब्द संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईला न कळणारे असे त्यांचे मत. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेचे हे मत, हे विशेष. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मूळ भाषांवरून सोप्या बोलीत सगळे भाषांतर एकटीने केले. टाइप जुळवणे, छापणे, ताव मोडणे ही कामे मुक्तीतल्या मुलींनीच केली. क्रूसावर लॅटिन शब्द नकोत म्हणणारी बाई चाळीस वर्षांनी संस्कृतही बाजूला ठेवून धुणे धुणाऱ्या, खुरपणाऱ्या बायकांच्या शब्दांपाशी आली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळीस वर्षांची, उजवा हात झालेली, आपल्या मागे सर्व सांभाळील अशी एकुलती लेक. पाच मृत्यू तरुणपणी पाहिलेल्या आईने हा सहावा पाहिला. त्यांनी काम थांबवले नाही. प्रकृती ढासळत होती, तरी भाषांतराची मुद्रिते तपासून पुरी करीपर्यंत त्या बसून राहत. ती पुरी झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटेच्या झोपेतच त्या गेल्या. त्या वर्षीचा गुड फ्रायडे नऊ दिवसांवर आला होता. छापलेले संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात बाहेर पडले.

मुक्ती मिशन केडगावला आजही आहे. निराधार बायका आणि मुले आजही तिथे राहतात, आणि रमाबाईंची समाधीही तिथेच आहे. १९८९ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. मंडळाच्या यंदाच्या सहलीचे ठिकाण अजून ठरलेले नाही असे कळते. दरवेळी आपण लांबच्या देवस्थानाला जातो. या खेपेस सकाळी निघून दुपारपर्यंत परत येण्यासारखे हे ठिकाण बघावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. जाताना आधी तिथल्या बायकांना कळवावे आणि रिकाम्या हाताने जाऊ नये. चार शेर तांदूळ, डाळ, जुनी पण धडकी लुगडी ज्यांना देता येतील त्यांनी आठवडाभर आधी माझ्याकडे आणून द्यावीत.